चाल तीच, शब्द मात्र आपले

धाकट्या नणंदेचं दुसरं बाळंतपण करायला मी २०१९च्या मे महिन्यात जपानला गेले. सासूबाईंच्या गुडघ्यांना विमानप्रवास झेपणार नव्हता, जाऊबाई नोकरीवाल्या, राहिले मी. म्हणजे ‘तू काय, घरीच असतेस’ या सदरातली. बचत गटाचे हिशेब, सल्ला केंद्रातल्या दोन दुपारी, कुणाच्या रेशनकार्डासाठी तहसीलच्या खेपा, हे सगळं ‘घरीच’ या शब्दात कसं मावतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तर डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशोपा बॅगेत भरून मी निघाले.

टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाई म्हणून भाग आहे. तिथे आपली माणसं इतकी, की पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये कुणीतरी मराठीत “कधी आलात?” म्हणून विचारलं. नणंद पुण्यात जपानी शिकली, लग्नानंतर तिकडेच नोकरी करते. तिचा थोरला, म्हणजे आमचे भाचेबुवा, तेव्हा सात वर्षांचे. तिथल्याच पालिकेच्या शाळेत दुसरीत. घरात मराठी, दाराबाहेर जपानी, आणि चिडला की दोन्हींची खिचडी.

जपानी कावळे मी तिथे पहिल्यांदा पाहिले. आपल्या कावळ्यापेक्षा चांगले थोराड, चोच अशी की बघून धडकी भरावी. कचऱ्याच्या पिशव्या फाडतात म्हणून लोक त्यांच्यावर जाळी टाकून ठेवतात. एका सकाळी खाली असाच एक कावळा ओरडत होता आणि भाचेबुवा दारात बूट चढवताना गुणगुणत होते. चाल इतकी गोड, की मी हातातलं काम सोडून ऐकत राहिले. पहिली ओळ अगदी मऊ आवाजात झाली, आणि दुसऱ्या ओळीला हा पोरगा एकदम बेसूर ओरडला आणि खिदळत जिना उतरला. आतून नणंदेचा आवाज, “शंभरदा सांगितलंय, तसं म्हणायचं नाही!”

मी विचारलं, “अगं, काय म्हणाला काय तो?”

तिने सांगितलं ते असं. मूळ गाणं ‘नानात्सु नो को’ हे १९२१ सालचं. शब्द नोगुची उजो या कवीचे, चाल मोतोओरी नागायो यांची. त्यात कावळ्याला विचारलंय, बाबा रे, का रडतोस? जपानीत रडणं आणि पक्ष्याचं ओरडणं, दोन्हींना बोलायला ‘नाकु’च म्हणतात, म्हणून हा प्रश्न जमतो. त्यावर उत्तर असं की डोंगरात त्याची लाडकी सात पिल्लं आहेत, म्हणून. (सात पिल्लं की सात वर्षांचं पिल्लू, यावर तिकडे अजून वाद घालतात. आमच्या घरातलं पिल्लू सातचंच होतं, म्हणून मला दुसरा अर्थ पटला.) आता या इतक्या हळव्या प्रश्नाला भाचेबुवांच्या गाण्यातलं उत्तर काय? तर तो कावळ्याचा खासगी प्रश्न आहे, त्यात कुणी नाक खुपसू नये!

मला हसू आवरेना. नणंद म्हणाली, “वहिनी, तुम्ही पण? तुम्ही तरी त्याला ओरडाल असं वाटलं होतं.”

हे उत्तर काही आमच्या भाच्याच्या डोक्यातलं नव्हे. ते जपानच्या घराघरात पोचवलं शिमुरा केन नावाच्या विनोदी नटाने. ‘द ड्रिफ्टर्स’ नावाची पाच जणांची मंडळी होती. मूळचे बँडवाले, पुढे विनोदाकडे वळलेले. त्यांचा शनिवारी रात्री आठचा कार्यक्रम १९६९पासून १९८५पर्यंत चालला. नावाचा अर्थच ‘आठ वाजले, सगळे जमा व्हा’. नाट्यगृहात प्रेक्षकांसमोर, थेट प्रक्षेपण. १९७३मध्ये एका शनिवारी त्याची प्रेक्षकसंख्या पन्नास टक्क्यांच्या वर गेली होती. म्हणजे दर दोन घरांतल्या एकात तोच लागलेला. आपल्याकडे ‘रामायण’च्या वेळी रस्ते ओस पडायचे ते आठवा. शिमुरा त्या चमूत १९७४मध्ये आला, आणि काही वर्षांनी त्याने कावळ्याची ही ओळ अशी म्हटली की देशभरची पोरं तीच म्हणायला लागली. पालकसंघांचा त्या कार्यक्रमावर आधीच राग होता. असभ्य आहे, अन्नाची नासाडी करतात, मुलं बिघडतात. त्यात आता बालगीताचीही वाट लावली! पण ज्या मुलांना तेव्हा दटावलं, तीच आज पन्नाशीत आहेत, आणि त्यांना मूळची दुसरी ओळ आठवायला क्षणभर थांबावं लागतं, असं नणंदेच्या ऑफिसातले लोक सांगतात.

अशा गाण्याला जपानीत ‘काए-उता’ म्हणतात. काए म्हणजे बदललेलं, उता म्हणजे गाणं. चाल तीच ठेवायची आणि शब्द आपले घालायचे. आपल्याकडचं विडंबन, पण त्याहून साधं. त्याला कवी लागत नाही, दुसरीतला पोरगाही पुरतो.

मला वाटलं होतं, जपानी माणूस म्हणजे रांग, शिस्त, कमरेत वाकून नमस्कार. तो कशाला असली थट्टा करील? पण जसजशी विचारत गेले तसतशी गंमत कळत गेली. शब्द बदलायचा धडा तर तिथे सरकारनेच दिलेला! मेजी काळात शाळा नव्याने उभ्या राहिल्या, गाण्याचा तास आला, आणि पाश्चात्त्य धर्तीची गाणी हवी होती. मग परदेशी चाली घेतल्या आणि त्यात जपानी शब्द बसवले. १८८१च्या पहिल्या शालेय गीतसंग्रहातलं ‘होतारु नो हिकारी’ हे शाळेच्या निरोपाचं गाणं असंच. शब्द काजव्यांच्या उजेडात अभ्यास करण्याचे, आणि चाल ‘ऑल्ड लँग साइन’ या स्कॉटिश गाण्याची. दुकान बंद व्हायची वेळ झाली की त्याच चालीचं नुसतं संगीत वाजतं आणि गिऱ्हाईक मुकाट्याने दाराकडे वळतं. एका अमेरिकन युद्धगीताच्या चालीवर तिथली लहान मुलं सर्दी झालेल्या बाळाचं गाणं म्हणतात, आणि त्याच चालीवर योदोबाशी कॅमेरा या मोठ्या दुकानाची जाहिरात वाजते. त्या दुकानात मी अर्धा तास होते, रात्री झोपेतही ती चाल थांबेना.

सगळ्यात कहर म्हणजे तानुकीचं गाणं. तानुकी हा कुत्र्याच्या जातीतला, गुबगुबीत प्राणी. खानावळींच्या दारात त्याचा मातीचा पुतळा असतो, डोक्यावर गवती टोपी, हातात साकेची बाटली. या तानुकीच्या एका अवयवाबद्दल मुलं एक गाणं म्हणतात, त्याचे शब्द मला इथे लिहिता यायचे नाहीत आणि संपादकांना छापता यायचे नाहीत. पण चाल कसली आहे माहीत आहे? रॉबर्ट लोरी नावाच्या अमेरिकन पाद्रीबुवांनी १८६४मध्ये लिहिलेल्या चर्चमधल्या भजनाची! स्वर्गातल्या नदीकाठी सगळे भेटू, असं ते भजन. पाद्रीबुवांना कल्पना तरी असेल का?

मोठ्यांचेही प्रकार आहेत. सोएदा आझेम्बो नावाचा रस्त्यावरचा गायक होता, १८७२ ते १९४४ हा त्याचा काळ. त्याच्या जन्मानंतर थोड्याच वर्षांत, राजकीय भाषणांवर बंधनं आली म्हणून चळवळीतली माणसं भाषणाऐवजी गाणी म्हणू लागली होती. कोपऱ्यावर उभं राहून गायचं आणि शब्द छापलेले कागद विकायचे. आझेम्बो त्याच परंपरेतला. त्याच्या मुलाने १९१९च्या सुमारास ‘मार्चिंग थ्रू जॉर्जिया’ या अमेरिकन फौजी चालीवर टोकियो शहराचं गाणं रचलं. शहराची नावाजलेली ठिकाणं, गर्दी, गोंधळ, आणि ध्रुवपदात निव्वळ अर्थ नसलेले शब्द. सैन्याच्या कूचगीताचा पार तमाशा करून टाकला.

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं. पण एक दिवस शेजारच्या आजी आल्या आणि त्याला वेगळाच रंग चढला.

या आजी पंच्याऐंशीच्या. एकट्या राहायच्या. बाळाला बघायला म्हणून आल्या, मी केलेला अळिवाचा लाडू त्यांनी डोळे मिटून खाल्ला. भाचा खेळता खेळता कावळ्याची ओळ ओरडला. नणंद ओशाळली, माफी मागू लागली. आजी म्हणाल्या (नणंद भाषांतर करत होती), “म्हणू दे. आम्ही याहून वाईट म्हणायचो. आणि आमच्या वेळेला पोलीस होते.”

त्या दहा वर्षांच्या होत्या तेव्हा युद्ध चालू होतं. १९४४मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने टोकियोसारख्या शहरांतली तिसरी ते सहावीची मुलं शाळेसकट खेड्यांत पाठवली गेली. आई-वडील शहरात, मुलं कुठल्या तरी देवळात नाही तर धर्मशाळेत. खायला पुरेसं नाही, डोक्यात उवा, रात्री पांघरुणात रडणं. दिवसा मात्र ताठ उभं राहून सैनिकांच्या पराक्रमाची गाणी म्हणायची. गुरुजी आत गेले की तीच चाल, पण तलवारीच्या जागी रताळं आणि झेंड्याच्या जागी भाताचा डोंगर. “पोट भरायचं नाही,” आजी म्हणाल्या, “पण हसताना भूक विसरायला व्हायची. हसून झाल्यावर जास्त लागायची.”

मोठी माणसंही म्हणत. १९४० हे जपानी साम्राज्याचं २६००वं वर्ष म्हणून मोठा उत्सव झाला होता, त्याचं एक भारदस्त गीत होतं. त्यात पुराणातली सोनेरी घार येते, तिला ‘किन्शी’ म्हणतात. योगायोग असा की इंग्रजी नाव नको म्हणून ‘गोल्डन बॅट’ सिगारेटचं नावही त्याच वर्षी ‘किन्शी’ ठेवलं गेलं. पुढे १९४३मध्ये सिगारेटचे भाव वाढले आणि लोकांनी उत्सवगीताचे शब्द फिरवले. घार ‘वर गेली’ म्हणजे पाकीट पंधरा सेनवर गेलं! आणि शेवटी जिथे कोट्यवधी प्रजेची छाती अभिमानाने फुगायची, तिथे ती प्रजा रडू लागली. अशा शब्दांना तेव्हा शिक्षा होऊ शकत होती. विचारांवर पाळत ठेवणारे खास पोलीस होते, ते भिंतीवर खरडलेली वाक्यं, अफवा, असली गाणी यांची नोंद ठेवत. पण गाणं कुणाचं, पहिल्यांदा कुणी म्हटलं, हे कसं शोधणार? चाल तर सरकारचीच!

आमच्या नणंदेला हे काही माहीत नव्हतं. एवढी वर्षं तिथे राहून शेजारच्या बाईच्या लहानपणाबद्दल तिने कधी विचारलं नव्हतं. हे तीच मला नंतर म्हणाली.

मला सगळ्यात आवडली ती ‘तोनारिगुमी’ची गोष्ट. हे म्हणजे शेजारगट. १९४०मध्ये सरकारने पाच-दहा घरांचा एकेक गट सक्तीचा केला. रेशन वाटायचं, आग विझवायच्या कवायती करायच्या, सूचनांची पाटी या घरातून त्या घरात फिरवायची, आणि कोण काय बोलतं याच्यावर लक्षही ठेवायचं. पुरुष लढाईवर गेल्यामुळे बरंचसं ओझं बायकांवर. (गट म्हटला की काय काय असतं, ते मी गेली बारा वर्षं बघते आहे. आमच्या गटात निदान बाँब पडत नाहीत.) याही योजनेचं प्रचारगीत होतं. शेजारधर्माचं, ठेक्याचं, ऐकायला झकास. ओकामोतो इप्पेई या व्यंगचित्रकाराने ते लिहिलं. युद्ध संपलं, गट मोडले, गाणं उरलं. आणि १९७७मध्ये त्याच ड्रिफ्टर्स मंडळींनी आपल्या नव्या विनोदी कार्यक्रमाचं शीर्षकगीत त्याच चालीवर केलं. शब्द बदलले, आता शेजाऱ्यावर नजर नाही, नुसतं हसायचं. आजच्या जपानी माणसाला ती चाल ऐकवा, तो ड्रिफ्टर्सचंच नाव घेईल.

मी या आनंदात असतानाच जूनमध्ये एके दुपारी भाचेबुवा शाळेतून आले ते तोंड पाडून. जेवले नाहीत, दप्तर न काढता खिडकीशी बसले. रात्री आईच्या कुशीत बोलले. तिथल्या बालवाडीत कढी-भाताचं, म्हणजे त्यांच्या ‘करी राइस’चं गाणं शिकवतात, हातवारे करत एकेक भाजी भांड्यात टाकायची. वर्गातल्या पोरांनी त्याचे शब्द बदलले होते. भाज्यांच्या जागी याचं नाव, याचा रंग, याच्या डब्याचा वास. शाळेत सगळ्यांना एकच जेवण असतं, पण हा शाकाहारी म्हणून घरचा डबा नेतो. तेवढं कारण पुरलं. चार दिवस चाललं होतं.

मी गप्प झाले. कारण आठवडाभर मीच त्याला ‘म्हण रे तुझं कावळ्याचं’ म्हणून उकसवत होते.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या तेव्हा नणंदेने त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की त्या गावी गेल्या तेव्हा गावातल्या मुलांनी शहरातून आलेल्यांवर गाणं केलं होतं. भुकेकंगाल, उवाळ, फुकटखाऊ, असं. “आम्ही भुकेवर केलेली गाणी मी विसरत चालले आहे,” त्या म्हणाल्या. “ते एक गाणं पंच्याहत्तर वर्षं झाली, पाठ आहे.” भाच्याने विचारलं, म्हणून दाखवाल का? आजींनी नुसती मान हलवली. नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बरीच वर्षं झाली. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला दर वर्षी एक गमतीचं गाणं असायचं आणि ते रचायची मी. बी.ए.ला मराठी घेतलं होतं ना, त्याचा तोरा. त्या वर्षी एका गाजलेल्या भावगीताच्या चालीवर मी प्रत्येकीवर एकेक कडवं केलं. कुणाच्या पोळ्या वातड, कुणाच्या सासूचा मोबाइल. त्यातली एक जण फार सोशिक, नवरा रोज पिऊन यायचा, साऱ्या गल्लीला माहीत. मी त्याच्या झोकांड्यांवर दोन ओळी केल्या. टाळ्या पडल्या. तीही हसली, पदर तोंडाला लावून. पुढच्या महिन्यापासून ती मंडळात आली नाही. मी दोनदा घरी गेले, “वेळ नसतो हो ताई” म्हणाली. तिने तिच्या त्रासावर स्वतः काही म्हटलं असतं तर आम्ही सगळ्या तिच्या बाजूने हसलो असतो. मी म्हटलं, तेव्हा सगळ्या तिच्याकडे बघून हसलो. त्यानंतर मी ते गाणं रचणं सोडलं. कुणाला कारण सांगितलं नाही, आज इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

नणंदेला त्या रात्री हे सांगितलं. तिने मग मला कामोन तात्सुओ या गायकाबद्दल सांगितलं. हा ओसाका भागातला, जन्म १९५९चा. आधी विनोदी कथा सांगणाऱ्या एका गुरूकडे शिष्य होता, तिथून हकालपट्टी झाली, मग गिटार घेऊन शब्द बदललेली गाणी म्हणू लागला. १९९१मध्ये त्याची अशा गाण्यांची माळ तुफान चालली. प्रसिद्ध गाण्याची एखादी ओळ अगदी गंभीरपणे सुरू करायची आणि पुढच्या चार शब्दांत त्याचं माकड करायचं, लगेच दुसरं गाणं. १९९२च्या ३१ डिसेंबरला तो एनएचकेच्या ‘कोहाकु’ या कार्यक्रमात गायला. वर्षअखेरीच्या रात्री स्त्री गायिका विरुद्ध पुरुष गायक असा हा सामना असतो, तिथे गायला मिळणं म्हणजे तिकडच्या गायकांचं भाग्य. त्याच्या आणखी एका गाण्यात बाखच्या ऑर्गनवरच्या त्या धीरगंभीर सुरावटीवर, लबाडी उघडी पडलेल्या माणसाच्या नाकातून दूध येतं! नणंदेने ते लावलं आणि बाळ दचकून उठलं.

पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. हा माणूस ज्याच्या गाण्याचे शब्द बदलतो, त्याला आधी विचारतो. मूळ गीतकाराला, संगीतकाराला, गायकालाही. नाही म्हटलं तर ते गाणं माळेत नाही. त्याला नकारही भरपूर मिळाले आहेत. जपानी कायद्यात लेखकाच्या शब्दांना त्याच्या मर्जीविरुद्ध हात लावता येत नाही, हे खरं. पण कायदा नसता तरी विचारायला काय हरकत होती, असं मला माझ्या हळदीकुंकवाच्या संदर्भात वाटलं.

आणि न विचारल्याने काय होतं त्याचंही उदाहरण तिकडे आहे, तेही विनोदी नाही, पार हळव्या गाण्याचं. ‘ओफुकुरो-सान’ म्हणजे आपण मोठेपणी ‘म्हातारी’ म्हणतो ना प्रेमाने, तशी आईला मारलेली हाक. मोरी शिनिची यांचं १९७१चं गाणं. गाण्याआधी ते आईच्या आठवणीच्या काही जास्तीच्या ओळी म्हणायचे, ज्या मूळ गीतकार कावाउची कोहान यांच्या नव्हत्या. २००७मध्ये कावाउचींनी जाहीर केलं, माझी गाणी याने यापुढे म्हणायची नाहीत. सगळ्या वर्तमानपत्रांत, टीव्हीवर तेच. वाढवलेल्या ओळींसकट गाणं म्हणायची परवानगी गीतकार-संगीतकारांच्या संस्थेनेही नाकारली. २००८च्या एप्रिलमध्ये कावाउची वारले. समेट झाला तो त्यानंतर, त्यांच्या घरच्यांबरोबर, आणि मूळ शब्दच म्हणायचे या कबुलीवर. आईवरचं गाणं, त्यात वाईट एक शब्द नाही, तरी ज्याचे शब्द त्याला लागलं.

भाच्याचं काय झालं, तर नणंद शाळेत भांडायला निघाली होती, तिला मी आणि तिच्या यजमानांनी थांबवलं. तिथे मुलाच्या दप्तरात एक संपर्कवही असते, पालकांनी लिहायचं, बाईंनी उत्तर द्यायचं. त्यात तिने चार ओळी लिहिल्या. बाई वर्गात काय बोलल्या ते कळलं नाही, पण ते गाणं कमी झालं. बंद झालं असं नाही म्हणणार मी. मग एका शनिवारी भाचेबुवा स्वतःच टेबलाशी बसून काहीतरी रचत होते. त्याच कढीभाताच्या चालीवर, पण आता भांड्यात सगळा वर्ग. एक जण बटाटा, एक कांदा, रडवणारी म्हणून, आणि पातेलं ढवळणारा हा स्वतः. मी म्हटलं, “अरे, पण त्यांना विचारलंस का? कांदा व्हायला ती तयार आहे का?” तो विचारात पडला. सोमवारी त्याने खरंच विचारलं. तिघं तयार झाले, कांद्याने याला पट्टी मारली. मग कांद्याशिवाय कढी झाली.

जुलैअखेर मी परत आले.

२०२०चा मार्च तुम्हा सगळ्यांना आठवत असेलच. आपल्याकडे सगळं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आमच्या अंगणात कावळे तेवढे मोकळे. ३० तारखेला नणंदेचा फोन आला. आदल्या दिवशी शिमुरा केन गेला होता, करोनाने, वय ७०. जपानने हा आजार खऱ्या अर्थाने मनावर घेतला तो त्या बातमीनंतर, असं ती म्हणाली. त्याच्या भावाला शेवटचा चेहराही बघता आला नाही. पुढच्या वर्षी, २०२१मध्ये, त्याच्या हिगाशी-मुरायामा या गावी स्टेशनपाशी त्याचा पुतळा उभा राहिला. पण त्या दिवशी फोनवर नणंद नुसती एवढंच सांगत होती, की शेजारच्या आजी दाराबाहेर येत नाहीत, हिने भाजी आणून दाराशी ठेवली, आणि आतून आजींचा आवाज आला, कावळ्याचं गाणं गुणगुणल्याचा.

“कुठलं?” मी विचारलं. “खरं की त्याचं?”

“दारातून नीट कळलं नाही हो वहिनी.”

मग भाच्याने फोन ओढून घेतला. “मामी, ऐक.” त्याने पहिली ओळ म्हटली, अगदी मऊ आवाजात, आणि थांबला. दोन देशांत दोन घरं बंद, मध्ये नुसती फोनची खरखर. तो पुढचं म्हणेना. शेवटी मीच माझ्या मोडक्या जपानीत, बेसूर, जोरात पुढची ओळ ओरडले. अंगणातले कावळे उडाले.

“मामी,” तो म्हणाला, “तुझा उच्चार एकदम चुकीचा आहे.”